पुफीचा घीयर

फाल्गुन लागला की आमच्या घरात पुफी तरुण व्हायची. पुफी म्हणजे वडिलांची थोरली बहीण, मराठीतली आत्या. एरवी ती पुढच्या खोलीतल्या खाटेवर, पाठीशी लोड आणि हातात विणलेला पंखा घेऊन बसलेली असायची. तिचे गुडघे दुखत, डोकं दुखे, आणि स्वतःला सून नसल्यामुळे सुनांबद्दलच्या सगळ्या तक्रारी तिला भावजयीवरच भागवाव्या लागत. आज विचार करते तेव्हा लक्षात येतं की ती त्या वेळी जेमतेम चाळिशीत होती. पण आमच्यात विधवेला म्हातारं व्हायला वयाची अट नव्हती. पुफीनं ते म्हातारपण फार लवकर स्वीकारलं आणि त्यातल्या सगळ्या सवलती मनापासून उपभोगल्या.

देवळाली कॅम्पात, जुन्या लष्करी बराकीच्या दोन खणांत आमचं घर होतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना त्या बराकी मिळाल्या आणि आमची मंडळी तिथेच रुजली. वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. त्याआधी ते कापडाचे गठ्ठे घेऊन एसटीनं आठवडी बाजार करत, आणि देवळा गावच्या अशाच एका बाजारात त्यांनी लुगडं घासाघीस करून घेणारी एक मुलगी पाहिली. ते लुगडं त्यांनी शेवटी खरेदीच्या भावात दिलं आणि पुढे त्या मुलीशी लग्नही केलं. ही माझी आई. दोन्हीकडच्या लोकांनी रीतसर कपाळावर हात मारून घेतला. देवळ्याच्या मामांना वाटलं, बहीण शहरात जाऊन पापड लाटणार. कॅम्पातल्या लोकांना वाटलं, आपला परसराम आता भाकरी खाऊन खाऊन वाळणार. प्रत्यक्षात आई उत्तम पापड लाटायला लागली आणि बाबा भाकरी खाऊन चांगले गुबगुबीत झाले.

पुफीचं खरं राज्य मात्र सिंधमध्ये होतं. सिंध सुटला तेव्हा ती किती वर्षांची होती हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, कारण ते गोष्टीच्या गरजेप्रमाणे बदलायचं. शिकारपूरच्या बाजारातून हत्ती गेल्याची गोष्ट सांगताना ती चांगली जाणती असे. बोटीतून मुंबईला आल्याची गोष्ट सांगताना कडेवरची. शिकारपूरच्या आमच्या हवेलीचंही तसंच. मी लहान असताना त्या हवेलीला नुसतं अंगण होतं. मी शाळेत जायला लागले तसा अंगणात हौद आला, मग हौदात कारंजं, आणि मी मॅट्रिकला पोहोचेपर्यंत कारंज्याभोवती मोर फिरायला लागले होते. बाबा तिच्याहून लहान. त्यांना काहीच आठवत नसल्यामुळे त्यांनी ती हवेली मोरांसकट मान्य करून टाकली होती.

आणि या सगळ्या वैभवाचा कळस म्हणजे घीयर. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेजारच्या जोशीकाकू त्याला ‘तुमची ती मोठी जिलबी’ म्हणत, आणि पुफी त्या दिवशी त्यांच्याशी बोलत नसे. होळीला सिंध्यांच्या घरी घीयर हवाच; मुलीच्या सासरीसुद्धा तो पाठवायचा. आदल्या दिवशी दह्यात भिजवून आंबवलेला मैदा, त्यात चिमूटभर केशरी रंग. पसरट कढईत तूप तापवायचं आणि भोक पाडलेल्या करवंटीतून पीठ सोडत वेटोळ्यावर वेटोळं घालत जायचं, ताटाएवढी जाळी तयार होईपर्यंत. मग दोन झाऱ्यांवर ती जाळी अलगद उलटायची, कडक झाली की पाकात बुडवून लगेच वर काढायची. चांगला घीयर मोडताना काच तडकल्यासारखा आवाज होतो, आणि गोडाच्या मागून एक बारीक आंबटपणा येतो. हल्ली नाशिकरोडच्या दुकानांत तो वर्ख लावून खोक्यात मिळतो. माझी सून मोबाइलवरून मागवते. गोड असतो, कडक असतो, खोकंही सुंदर असतं. त्या आंबटपणाची चौकशी केली तर दुकानदार म्हणतो, “मावशी, शिळा नाहीये, ताजा आहे.”

तर कॅम्पात ‘पुफीचा घीयर’ प्रसिद्ध होता आणि तो आई करायची.

यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आई मागच्या पडवीत चुलीपुढे बसायची, पदर खोचून, घामानं कपाळावरचं कुंकू पसरलेलं. पुफी पुढच्या खोलीत खाटेवर. पहिला घीयर ताटलीतून पुफीकडे जायचा. ती एक तुकडा मोडायची, डोळे मिटायची, आणि सगळं घर श्वास रोखून थांबायचं. मग निकाल यायचा. “खट्टा कम आहे.” दुसरा जायचा. “जाळी जाडी झाली.” तिसरा. “पाकात जास्त ठेवला, गोधडी झाली.” आई पडवीतून तिच्या माहेरच्या बोलीत पुटपुटायची, “मी काय कढई शे का, दिवसभर तापाले?” आणि पुन्हा पीठ सारखं करायची. असे चार-पाच घीयर बाद झाल्यावर केव्हातरी पुफी काहीच बोलायची नाही. नुसती खात राहायची. ती पसंती. त्यानंतरचे घीयर शेजारीपाजारी जात, आणि शेजारीपाजारी रिकामी ताटं परत करायला येत तेव्हा थेट खाटेपाशी जाऊन म्हणत, “पुफी, काय हात आहे तुझा!” पुफी तो हात पंख्यासकट हवेत हलवून म्हणायची, “अड़े, माझं काय, हे तर शिकारपूरचं पाणी.”

पाणी दारणा नदीचं होतं. पण ते असो.

आई गरीब गाय मुळीच नव्हती. स्वयंपाकाचं कौतुक तिला अतिशय आवडायचं. माहेरी एकदा तिच्या हातच्या मिरचीच्या ठेच्याची कोणी तारीफ केली होती, तो प्रसंग ती आम्हाला वर्षातून अनेकदा सांगायची, दर वेळी नव्यानं ओशाळून. त्यामुळे घीयराचं श्रेय खाटेवर जातं हे तिला दर होळीला बोचायचं. धुळवडीला ती ते रंगाबरोबर धुऊन टाकायची, इतकंच.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी मात्र ते धुतलं गेलं नाही. त्याचं कारण बाबांना झालेली मुखी होण्याची इच्छा. मुखी म्हणजे आमच्या सिंधी पंचायतीचा प्रमुख. या पदाला पगार नाही, कचेरी नाही. मिळतं काय, तर लग्नाच्या पंगतीत पुढची खुर्ची आणि भांडणात शेवटचा शब्द. ज्यांना स्वतःच्या घरात शेवटचा शब्द कधीच मिळाला नव्हता, त्या बाबांना या पदाची ओढ वाटली यात नवल नाही. त्यांच्याविरुद्ध लच्छूशेठ होते, भांड्यांच्या दुकानाचे. मोठा आवाज आणि त्याहून मोठी अंगठी. मतदान वगैरे नसायचं. होळीच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या संमतीनं नाव ठरायचं, आणि संमती कोणाच्या बाजूनं आहे हे आधीचा महिनाभर चहा पाजून ठरवलं जायचं.

होळीला दोन दिवस असताना एका बैठकीत लच्छूशेठनी जाहीर केलं की यंदा सगळ्या पंचायतीला घीयर त्यांच्याकडून, थेट उल्हासनगरहून मागवलेला. बाबा उठले. पुढे ते कबूल करत की उठताना त्यांच्या मनात काहीच नव्हतं, उठून उभं राहिल्यावर सुचलं. ते म्हणाले, “उल्हासनगर कशाला? ज्या हातांत शिकारपूरचा घीयर आहे ते हात आपल्या कॅम्पात आहेत. माझी बहीण पंचायतीच्या धर्मशाळेच्या अंगणात, सगळ्यांच्या समोर, स्वतः घीयर तळेल.”

टाळ्या पडल्या. बाबा त्या टाळ्या घेऊन घरी आले आणि पुढच्या खोलीत त्यांनी ही बातमी दिली. पुफीचा पंखा थांबला. आई मागून पुढे आली, हात पुसत.

“छान झालं,” ती म्हणाली. “तळू दे अदींना.” अदी म्हणजे सिंधीत थोरली बहीण, आई नणंदेला तशीच हाक मारायची.

“म्हणजे तू बाजूला असशीलच ना,” बाबा म्हणाले. “पीठ तू, तळणं तू. अदी फक्त खुर्चीवर...”

“नाही. लोकांना तुम्ही अदी सांगितली. मग अदी न्या. या होळीला मी पुरणपोळ्या करणार आहे.”

“अगं, पण माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे!”

“तुमच्या इज्जतीला मी इतकी वर्षं तुपात तळतेय,” आई म्हणाली आणि हरभऱ्याची डाळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून बाबांनी स्वतः तालीम घेतली. कापडाच्या धंद्यात माणूस मापाला पक्का असतो; पिठाच्या बाबतीत त्याचा काही उपयोग झाला नाही. करवंटीतून पहिल्यांदा काही पडेना, मग एकदम सगळंच पडलं. कढईत एक भलंमोठं भजं तयार झालं. दुसऱ्या वेळी वेटोळी झाली खरी, पण ती एकमेकांना धरून राहायला तयार नव्हती. आमच्या पंचायतीसारखीच चारी दिशांना गेली. पुफी खाट सोडून पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथून ओरडत होती, “जाळी! जाळी कहां है?” बाबा बोटं भाजून घेऊन म्हणाले, “मग तूच ये ना, तूच दाखव!” पुफी पुढे आली. तिनं करवंटी हातात घेतली. पीठ कढईवर धरून ती नुसती उभी राहिली. पीठ ठिबकत होतं, तूप चरचरत होतं. मग तिनं करवंटी बाबांच्या हातात परत दिली आणि गुडघ्यांना दोष देत खाटेवर गेली. आई हे सगळं दारात उरलेली डाळ निवडत पाहत होती. हसली नाही. पण त्या दुपारी डाळीतला एकही खडा तिनं काढला असेल असं वाटत नाही; पुरण वाटताना ते सगळे मलाच लागले.

बाबा हताश होऊन दुकानावर गेले, आणि संध्याकाळी डाळ शिजल्यावर पुफी पुन्हा उठून सरळ स्वयंपाकघरात आली. गुडघ्यांनी या वेळी काही तक्रार केली नाही. मी पुरण वाटत होते. मला बाहेर जा म्हणायचं दोघींनाही सुचलं नाही.

“भाभी,” ती म्हणाली, “मला येत नाही.”

“ते दिसलंच.”

“नाही, तसं नाही. कधीच येत नव्हतं. अम्मा करायची. मी तिच्याजवळ बसायची, मोडलेले तुकडे खायची. मग इथे आलो, आणि पहिल्याच थंडीत अम्मा गेली. शिकवणार कधी?” पुफी पाटावर बसली. “मला तिचा चेहराही नाही आठवत. घीयर आठवतो. तू लग्न होऊन आलीस, तेव्हा तुला सांगितलं, कर. तू केलास, तो नव्हता. परत केलास, तरी नव्हता. मग एका होळीला तू केलास आणि तो होता. तोच. तेव्हापासून मी दर वर्षी शोधते.”

आईनं गॅस बंद केला. मी विचारलं, “आणि हवेली? मोर?”

पुफीनं माझ्याकडे पाहिलं. “दोन खोल्या होत्या,” ती म्हणाली. “भाड्याच्या.”

आईला हसू आलं असेल किंवा रडू, तिनं पदर तोंडाला लावला एवढंच मला दिसलं. पण ती बाजारात घासाघीस करणारी बाई होती. पदर खाली आला तेव्हा तिचा सौदा तयार होता.

“अदी, हवेली तुम्ही ठेवा. मोरसुद्धा ठेवा, मी कोणाला काही सांगणार नाही. पण घीयर माझा. धर्मशाळेत सगळ्यांसमोर तसं म्हणायचं. मग मी तळते.”

“लोक म्हणतील, मराठी बाईचा घीयर.”

“म्हणू दे.”

“परसराम मुखी होणार नाही.”

“तेही बरंच आहे,” आई म्हणाली.

होळीच्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या अंगणात मांडव उभा राहिला. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आणले होते. त्यांनी आपल्या सिंधी संस्कृतीवर भाषण केलं, पूर्ण हिंदीत. चव शिकवता येत नाही, ती रक्तात असावी लागते; सिंधू नदीचं पाणी ज्याच्या नसांत आहे त्याच्याच हातून घीयर उतरतो, असं ते म्हणाले. बाबा पहिल्या रांगेत बसून घाम पुसत होते, कारण त्याच वेळी देवळ्याचं पाणी नसांत असलेली त्यांची बायको मांडवाच्या कडेला चुलीपुढे बसून करवंटीचं भोक तपासत होती.

कुजबुज सुरू झाली. लच्छूशेठनी मोठ्यानं विचारलं, “परसराम, तळणार तर पुफी होती ना?”

पुफी उठली. पांढरी शुभ्र साडी, डोक्यावर पदर. तिला माईक दिला गेला, जो तिनं आयुष्यात प्रथमच हातात धरला आणि मग सोडायला तयार झाली नाही. तिनं सुरुवात शिकारपूरपासून केली. हवेलीला त्या दिवशी वरचा मजला चढला. कारंजं झालं, मोर झाले, मोरांना बदाम घालणारा एक खास नोकरही नेमला गेला. आई चुलीपासून तिच्याकडे रोखून पाहत होती. अखेर पुफीचं तिच्याकडे लक्ष गेलं. ती थांबली.

“पण घीयर मला येत नाही,” ती म्हणाली. “घीयर ही करते. माझी भाभी. मी हिला फक्त नावं ठेवली. इतकी वर्षं तुम्ही जो खाल्ला, तो हिचा.”

एवढं बोलून ती बसली आणि अंगणात खरोखरची संसद भरली. लच्छूशेठ म्हणाले, हा मग सिंधी घीयर कसा? कोणी म्हणालं, मैदा सगळीकडे सारखाच. कोणी म्हणालं, प्रश्न मैद्याचा नाही, तत्त्वाचा आहे. प्राध्यापकांना विचारलं, तर त्यांनी रक्त आणि पाणी यांतला फरक पुन्हा समजावायला घेतला. यात बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात आई तळत होती, पाकात बुडवत होती, ताटात रचत होती, आणि तत्त्व नसलेली सगळी पोरं आणि बहुतेक बायका ताटाभोवती जमल्या होत्या. शेवटी असं ठरलं की लग्नानं बाई नवऱ्याच्या समाजाची होते, सबब भाभी सिंधी, सबब घीयर सिंधी, सबब खायला हरकत नाही. हा ठराव एकमतानं मंजूर करून मंडळी ताटाकडे वळली तेव्हा ताटात नुसता पाक उरला होता.

मुखी लच्छूशेठ झाले. आईला शाल-नारळ मिळाला. देवळ्याच्या मामांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते कांद्याची गोणी घेऊन मुद्दाम आले आणि बाबांना म्हणाले, “दाजी, आमची बहीण तुम्ही ठराव करून नेली व्हय?” बाबा काही दिवस उदास होते. मग त्यांच्या लक्षात आलं की लच्छूशेठना आता दोन्ही बाजूंची भांडणं ऐकावी लागतात, आणि बाबांची तब्येत सुधारली.

खरा बदल पुढच्या खोलीत झाला. आता बायका आल्या की खाटेला वळसा घालून सरळ आईकडे जात. पुफीनं सौदा पाळला होता. ती काही बोलत नसे. हवेलीची गोष्टही तिनं बंद केली, आईनं ती ठेवा म्हटलं असूनही. वर्षभर ती जे ताटात येईल ते खाऊन ‘ठीक आहे’ म्हणायची. भाजीत मीठ नसलं तरी ठीक, डाळ करपली तरी ठीक. घरात इतकी शांतता मी कधीच अनुभवली नव्हती आणि मला ती अजिबात आवडली नाही.

पुढच्या होळीला आईनं पहिला घीयर तळला आणि ताटली माझ्या हाती पुढे पाठवली. पुफीनं तुकडा मोडला, चावला. “छान झाला,” ती म्हणाली. मी ते आईला सांगितलं. दुसरा गेला. “हाही छान.” तिसऱ्यालाही तेच. आईनं झारा ठेवला, एक घीयर उचलून स्वतः खाऊन पाहिला आणि तो हातात घेऊन उभी राहिली. तिला काही कळत नव्हतं. घीयर करायला ती शिकली होती, पण तो झाला की नाही हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते नेहमी पुढच्या खोलीतून यायचं.

ती तशीच, हाताला पाक लागलेला, खाटेपाशी गेली.

“छान काय छान!” ती इतक्या जोरात ओरडली की जोशीकाकू कुंपणाशी आल्या. “चुकलंय काहीतरी. काय चुकलंय ते सांगा!”

पुफी आधी घाबरली. मग तिनं आईच्या हातातला तुकडा घेतला, पुन्हा चावला आणि डोळे मिटले. मी आईकडे पाहिलं. तिनं श्वास रोखला होता.

“खट्टा कम,” पुफी म्हणाली. “आणि तूप थंड. कुठे लक्ष असतं तुझं? आणि ही जाळी आहे की मच्छरदाणी?”

“मग इथे बसून काय उपयोग? तिथे येऊन बघा ना!”

“येते! थांब, येते!” पुफीनं पंखा फेकला, खाटेवरून उतरली आणि तावातावानं पडवीत जाऊन चुलीशेजारी बसली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी कढईपाशी कडाकडा भांडत होत्या. जोशीकाकूंनी घाबरून बाबांना दुकानावरून बोलावून आणलं. बाबा धावत आले, पडवीच्या दारात उभे राहिले, एक घीयर उचलला आणि परत दुकानावर गेले.